भरताना वाढलेली

औसा रोडच्या दवाखान्यात लिफ्टला आरसा हाय.
त्यात बघितलं तर मी आजारी दिसत नव्हते,
लुगडं धुतलेलं, केसाला तेल.
तिथंच चुकलं म्हणायचं.

काउंटरवरच्या पोरीनं नाव इचारलं.
वच्छला कोळपकर, म्हणलं. तिनं वत्सला लिहिलं.
फाइलचे दोनशे, बघायचे आठशे,
पैसे आधी.
साडेधाला बसले, दीड वाजला.
समोर टीव्ही, आवाज बंद,
त्यात ह्योच डॉक्टर हसायला
एका म्हातारीचा हात दोन्ही हातांत धरून.
ती म्हातारी धा-धा मिनिटाला परत यायची.

आत गेले. तो स्क्रीनकडं बघत होता.
"बोला."
सांगायच्या तीन गोष्टी होत्या.
रात्री डावा हात जड पडायलाय.
दोन पायऱ्या चढले की दम.
तिसरी शेवटाला ठेवली होती,
तिचंच भ्याव होतं म्हणून.
म्हणलं, "आणिक एक..."
"वय?"
"एकावन्न."
"मग होणारच की मावशी. गॅस आहे. टेन्शन घेता तुम्ही."

लहान मापाची बांगडी जशी
अंगठ्याच्या हाडाशी अडून बसती
तशी बसली तिसरी गोष्ट गळ्यात.

मी गोलाईत बांगड्या भरते.
तेहतीस वर्सं झाली, परक्या बायांचे हात धरायलेय.
पंजा दाबून, बोटं जवळ घेऊन,
तिला कुठलंतरी इचारत, माहेरचं, लेकराचं,
तवा कुठं काच चढती.
हात हातात आला की कळतं:
ही सकाळपून उपाशी हाय,
हिला दिवस गेलेत, अजून घरात सांगितलं नाही,
हिच्या मनगटावर ही कुणाची बोटं.
आडत्याच्या सुनेला मीच म्हणलं होतं,
बाई, मागल्या पंचमीला तुझं माप दोन-चार होतं,
ही चरबी नाही, सूज हाय, दाखव.
तिचं किडनीचं निघालं.

ह्यानं माझा हात धरला नाही.
त्याचं मनगट मी टेबलाच्या अल्याड बसून मापलं,
दोन-दहा, हाड बारीक, घड्याळ ढिलं.
सवय हाय, काय करता.

"काही नाही तुम्हाला," म्हणला,
आणि कागद पुढं सरकवला.
खाली लॅब, खालीच मेडिकल,
तपासण्यांचं पॅकेज साडेचौदा हजार.
म्हणलं, साहेब, काहीच नाही तर येवढं कशाला?
तवा पहिल्यांदा वर बघितलं त्यानं.
"तुम्ही डॉक्टर का मी?"
आणि घंटी.

जिन्यात मागून एक सिस्टर आली, ईस-बावीसची.
"मावशी, गोलाईतल्या ना तुम्ही?
माझ्या आईनं चुडा तुमच्याकडंच भरलाय. भादा गाव."
हात पुढं केला तिनं, लग्न ठरलंय म्हणे,
माप घेऊन ठेवा.
धरला. बोटं थंडगार, पंजा सुजलेला.
"किती तास उभी हायस ग?"
तिनं वर कॅमेऱ्याकडं बघितलं.
"काल रातच्यापून."
मग माझ्या कानाशी,
"सरकारीत जा. मंगळवारी एक मॅडम असतात,
ओरडतात लई, पण हात लावून बघतात."
मी म्हणलं, माप दोन-सहा. पण आज न्हाई घ्यायचं,
झोप झाल्यावर ये.

आमच्या धंद्यात एक रीत हाय.
भरताना जी बांगडी वाढंल, ती कासाराची.
गिऱ्हाइकाला पैसे मागायचे नसतात.
तिचा हात कडक असंल, तिनं झटका दिला असंल,
तरी हात तुझ्या हातात होता ना?
मग ती तुझी.
सासऱ्यानं शिकवलं हे, पहिल्याच दिवशी,
माझ्याच हातावर एक वाढवून.

स्टँडच्या कट्ट्यावर बसून
उजव्या हातानं डावा धरला.
नाडी लागली. मोजायची कशी ते ठाऊक नाही,
नुसती चालली होती,
मधीच एक ठोका गाळून.

आज शुक्रवार.